सगळी तोंडं एका मापाची

तालमीच्या फ्लेक्सवर कुणाचं तोंड केवढं असावं, हे कोल्हापुरात ज्याला कळतं त्यालाच डिझाइनर म्हणतात. बाकीचं कुणीही शिकू शकतं. मल्लेशला ते कळत होतं. अध्यक्ष पृथ्वीराज सर्वांत मोठे, त्यांच्या खांद्याशी उपाध्यक्ष शिवलिंगआप्पा, मग उतरत्या भाजणीनं कार्यकर्ते आणि तळाला बोराएवढी पोरंसोरं. आप्पा मल्लेशचे सासरेही होते, त्यामुळं त्यांच्या मापात चूक करायची सोय नव्हती.

हे सगळं तो एका मोफत सॉफ्टवेअरवर करायचा. जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून ते बांधलं होतं आणि सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. इतकी वर्षं आपण नुसतं फुकट वापरलं, याची त्याला मनातून लाज वाटे. म्हणून नवी आवृत्ती यायच्या आधी त्या मंडळींनी साद घातली, की कच्ची आवृत्ती चालवून बघा, काल नीट चालणारं काही आज बिघडलं असेल तर कळवा, तेव्हा मल्लेश बाह्या सरसावून पुढं झाला.

त्यानं व्हिजिटिंग कार्ड करून बघितलं, लग्नपत्रिका केली, हॉटेलचं मेनूकार्ड केलं. एक दोष सापडेना. इतर देशांतली माणसं रोज नवनवे दोष कळवत होती आणि कोल्हापूरची पाटी कोरीच. हे त्याच्या जिवाला लागलं. कच्च्या आवृत्तीवर खरं काम करू नका, अशी सूचना ठळक अक्षरांत होती. पण शंभरावर तोंडांच्या फ्लेक्सएवढी कसून परीक्षा जगात दुसरी कुठली? त्यानं तालमीचा गणपतीचा फ्लेक्सच त्या आवृत्तीवर केला. पडद्यावर सगळं झकास दिसलं. फाइल छपाईला गेली आणि सकाळी फ्लेक्स चौकात चढलासुद्धा.

दोष सापडला होता. छपाईची फाइल बनवताना सॉफ्टवेअरनं सगळे फोटो एकाच मापाचे करून ओळीनं बसवले होते.

आप्पा दुकानात आले ते चप्पल न काढताच.

"जावईबापू, माझं त्वांड आन् चहा वाटणाऱ्या ज्ञानूचं त्वांड, एकच माप?"

मल्लेशनं कच्च्या आवृत्तीची हकिकत सांगितली. ही तपासणी जगाच्या भल्यासाठी चालली आहे, हेही सांगून बघितलं.

"जगाचं भलं करायला माझंच त्वांड घावलं व्हय तुमास्नी?" आप्पा म्हणाले. "रविवारी बारशाला मी येत न्हाय."

बारसं मल्लेशच्या लेकीचं होतं, आप्पांच्या पहिल्या नातीचं. त्याची बायको दानेश्वरी हे ऐकून पाळण्याच्या दोरीची गाठ सोडत-बांधत बसली. बाप आला नाही तर ती दोष कुणाला देईल, हे मल्लेशला न सांगता कळलं.

त्यानं आधीची आणि नंतरची फाइल जोडून मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार पाठवली. तिकडून विचारणा आली, की एका पानावर इतकी माणसं, ही फाइल मुद्दाम तपासणीसाठी बनवलीय का? मल्लेशनं कळवलं, माणसं खरी आहेत आणि ती सध्या माझ्यावर चिडली आहेत.

संध्याकाळी जुन्या आवृत्तीवर केलेला नवा फ्लेक्स आणि शिडी घेऊन तो चौकात गेला, तर तिथं ही गर्दी. ज्ञानूची आई फ्लेक्ससमोर उभी होती. दरवर्षी ती लेकाला त्यात शोधत बसायची. यंदा तो लांबूनच दिसत होता. पृथ्वीराजनी मल्लेशला शिडी खाली ठेवायला लावली. फोटो बारीक आला म्हणून दरसाल रुसून बसणारे सगळे यंदा मांडवात राबत होते, त्यांना पुन्हा रुसवायचं कुणी?

"मग पुढच्या बारीला मीच हातानं सारखे करतो की," मल्लेश म्हणाला.

"तू केलंस तर माझं त्वांड का बारीक केलंस म्हणून तुला धरीन," पृथ्वीराज म्हणाले. "मशीननं केलं तर कुणाला धरायचं? मशीनलाच करू दे."

आप्पा बाजूलाच गाल फुगवून उभे होते. सकाळपासून त्यांनी फक्त आपल्या खालची तोंडं बघितली होती. आता त्यांची नजर स्वतःच्या फोटोच्या बाजूला गेली. इतकी वर्षं डोक्यावर बसलेला पृथ्वीराज अगदी त्यांच्या शेजारी होता, त्यांच्याएवढाच. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि रविवारी किती वाजता यायचं, ते जावयाला विचारलं.

बारशाला आप्पाच सगळ्यांच्या आधी हजर. नात मांडीवर होती आणि दानेश्वरीच्या जिवात जीव आला होता. तेवढ्यात मल्लेशच्या मोबाइलवर सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचा निरोप आला. त्यानं तो छाती फुगवून सगळ्यांना वाचून दाखवला. तुमच्यामुळं दोष सापडला, आजच दुरुस्त करतो, तुमच्या गावाला झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी.

आप्पांची हलणारी मांडी थांबली.

"आजच?"

"व्हय, आप्पा. लई झटपट काम करतात."

आप्पांनी थोडा विचार केला.

"त्यास्नी म्हणावं, एवढी घाई करू नका," ते नातीला थोपटत म्हणाले. "दसऱ्याचा फ्लेक्स होऊ द्या. तवर आमी सोसतो की."