वांग्याच्या वाफ्यातली नाव

किसनाजी माळ्यांच्या मळ्यात वांग्याच्या वाफ्याला लागून एक जहाज उभं होतं. थट्टा नाही करत. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. राजापेठ ओलांडली की अमरावती संपायची आणि मळे लागायचे. पहिला मळा किसनाजींचा. रस्त्यानं जाणाऱ्याला आधी जहाजाचं नाक दिसायचं, मग कोबी.

जहाज मी आपला म्हणतो. किसनाजी 'मनूराजाची नाव' म्हणत. प्रलय येतो, मनूराजा सगळ्या जातीचं बियाणं आणि सात ऋषी घेऊन नावेत बसतो, शिंगवाला मासा ती नाव ओढत हिमालयाला नेतो, ही कथा त्यांनी देवळात ऐकली आणि दुसऱ्याच दिवशी सागवानाच्या फळ्या आणल्या. कथा आम्हीही ऐकली होती. आम्ही प्रसाद खाऊन घरी गेलो होतो.

"पण किसनाजी, अमरावतीत प्रलय येईल कुठून?" मी विचारलं. "इथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार."

"पोथी लबाड बोलंल काय, मास्तर?"

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. वांगं किडकं निघालं म्हणून कोणी भांडायला आलं तरी हेच.

मी शाळेत संस्कृत शिकवायचो, त्यामुळे पोथीचा अर्थ सांगायचं काम माझ्या गळ्यात आलं. रोज संध्याकाळी मी तिथे. दोनचार शेजारी असत, एक पेन्शनीतले हवालदार असत आणि झिंगराजी सुतार असायचा. किसनाजींची बायको वारून पाच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तेच चुलीवर चहाचं आधण ठेवत आणि सगळ्यांना कपबशी हातात आणून देत.

आता जहाज बांधणारा सुतार आमच्याकडे कुठून मिळणार? झिंगराजीचा हात बसलेला बंड्यांवर, म्हणजे बैलगाड्यांवर. त्यानं नाव बांधली ती बंडीच्याच हिशेबानं, आणि एक दिवस विचारलं, "जू कोठी बसवू?"

"अबे, नावेले जू कायले पायजे?" किसनाजी म्हणाले.

"मंग वढंल कोन?"

"मासा."

"मंग माशाले जू लागंल नाई का?"

किसनाजी विचारात पडले. माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की पोथीत दोर माशाच्या शिंगाला बांधतात. दोघांचीही तोंडं उतरली.

"शिंगाले दोर बांधून कोनी वझं वढवते का, मास्तर?" किसनाजी म्हणाले. "मासा असला तरी जनावरच हाय ना. दुखंल त्याले."

शेवटी एका जनावराचं जू बसलं. आत मऊ राहावं म्हणून किसनाजींनी त्याला आपल्या जुन्या घोंगडीचा तुकडा शिवला. देवाच्या माशाच्या मानेची एवढी काळजी करणाऱ्याशी काय वाद घालायचा.

मग बियाण्यांचा घोळ. राखेत घोळून गाडग्यांत बी भरायचं काम सुरू झालं: वांगी, भेंडी, ज्वारी, तूर, अंबाडी. पोथी म्हणते सगळ्या जातीचं बी. मग कुंद्याचं घ्यायचं की नाही? काळ्या मातीत हे तण माजलं की शेतकऱ्याची कंबर मोडते. झिंगराजी म्हणाला, "प्रलयात एवढं एकच काम चांगलं होऊन रायलं, ते कायले बिघडवता?" हवालदार म्हणाले, कायदा म्हणजे कायदा. महिनाभर यावर चर्चा चालली. शेवटी किसनाजींनी चिमूटभर बी एका चिंधीत बांधून कोपऱ्यात ठेवलं. "घेतो," ते म्हणाले, "पन मनूराजाले सांगीन का हे पेरू नको."

फटी बुजवल्या शेणमातीनं. धान्याची कणगी आम्ही तशीच लिंपतो, तिच्यातून ज्वारीचा दाणा बाहेर पडत नाही. पाण्याचं मात्र तसं नसतं. नावेत चार घागरी ओतून पाहिल्या तर सगळं पाणी खालून वाहून गेलं.

"पाहा," झिंगराजी समाधानानं म्हणाला, "आतलं पानी रायतच नाई."

मग रॉकेलचे डबे कापून, ठोकून सपाट केले आणि नावेच्या बुडाला खिळ्यांनी मारले. आता नाव खरंच तरंगेल असं मलाही वाटायला लागलं. पण दर वेळी ती होत आली की किसनाजींना शंका यायची. एकदा म्हणाले, नाक दक्षिणेला झालं, हिमालय उत्तरेला. सगळी नाव उचलून फिरवली. मी वैतागून म्हटलं, "आणि हिमालय सापडला नाही तर?"

"चिखलदऱ्याले लावू," ते म्हणाले.

दोन वर्षं झाली. माझी सहनशक्ती संपली. मीच मुहूर्त काढला: ऋषिपंचमी. ऋषींचा दिवस, वडाळीचा तलावही भरलेला. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, अर्धी शाळा येणार असं ठरलं, नाव न्यायला दोन बंड्या ठरल्या. माझी अब्रू आता त्या नावेत बसली होती.

आदल्या दिवशी गणेशचतुर्थी. दुपारी मी मोदक घेऊन मळ्यात गेलो. ठकठक ऐकू आली. वाकून पाहतो तर किसनाजी नावेखाली उताणे पडून बुडाचे पत्रे उचकटत होते. खिळे एकेक काढून शेजारी नीट रांगेत ठेवलेले.

माझं डोकंच फिरलं. "हे काय चालवलंय? उद्या सगळी शाळा येणार. माझ्या तोंडाला काळं फासायचंय का?"

ते बाहेर आले. अंगावर माती. पकडीनं रांगेतला एक खिळा सरळ केला.

"मास्तर, तुमी रोज येता. झिंगराजी येते, हवालदार येते. नाव झाली का मंग परवापासून येसान कायले?"

माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. दोन वर्षं मी या माणसाला वेडा म्हणत होतो आणि रोज त्याचा चहा पीत होतो. एकदाही त्यांना माझ्या घरी बोलावलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. मोदक त्यांच्या हातात दिले आणि परत आलो.

सकाळी आमच्याकडे ऋषिपंचमीची पूजा मांडली होती. पाटावर सुपाऱ्या आठ. सात ऋषींच्या, आठवी अरुंधतीची. ती आठवी सुपारी पाहत मी चहा संपवला.

मळ्यात पोरं जमली होती, मुख्याध्यापक आले होते, बैल जुंपलेले होते. किसनाजी मान खाली घालून उभे. मी पुढे झालो.

"नाव आज नेता येणार नाही," मी म्हणालो. "सात ऋषींच्या जागा झाल्या. वसिष्ठांबरोबर अरुंधती असते, तिची जागाच केलेली नाही. चूक माझी. पोथीचा अर्थ मी सांगत होतो."

पोथीत तिचं नावही नव्हतं.

मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, "आणि तुम्ही संस्कृत शिकवता." मी ऐकून घेतलं. पोरं हसत परत गेली. झिंगराजीनं नावेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "बाईमानूस हाय म्हनजे आडोसा पायजे, चूल पायजे. सारं उकलाव लागंल. दिवाळी होऊन जाईन."

"होऊ दे," मी म्हटलं. मग किसनाजींकडे वळलो. "आज आमच्याकडे जेवायला चला. ऋषीची भाजी केली आहे."

"नाई, मास्तर," ते म्हणाले. "कोनाच्या घरी जेवाची सवय नाई रायली आता."

"ती सवय लागायला किती दिवस लागतात ते पाहू. चला."

ते आत गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा अंगात धुतलेला सदरा होता आणि डोक्याला पटका. बांधावर झिंगराजीनं विचारलं, "कोठी चालले?"

"मास्तराच्या घरी. जेवाले," किसनाजी म्हणाले. दहा पावलं गेल्यावर थांबले, मागे वळले आणि त्याला पुन्हा एकदा तेच सांगितलं.