मागचं चाक विचाराधीन

माणसाने प्रत्येक गोष्ट विचार करून करावी, आणि विचार संपत नसेल तर ती गोष्टच करू नये. या तत्त्वावर चालणारं एकच घर माझ्या पाहण्यात आहे. माझी थोरली बहीण त्याच घरात दिलेली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

ताईला रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. सहा महिने उमेदवारीवर. एकदा जरी उशीर झाला तरी कायम होण्याचं विसरा, असं तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सुनावलेलं. बसचा भरवसा नाही म्हणून ताईने सायकल घेतली. आठवडा बरा गेला आणि मागचं चाक पंक्चर झालं. ताई पंक्चरवाल्याकडे निघाली, तर भाऊजींनी तिला दारातच अडवलं.

"ठिगळं कसली लावतेस? मुळात टायर कोणता हवा, ते आधी ठरवू."

प्रश्न गहन होता. साधा टायर, म्हणजे क्लिंचर, रिमच्या काठात अडकून बसतो. आत ट्यूब वेगळी. दुसरा ट्यूब्युलर. त्याच्या पोटातच ट्यूब शिवलेली असते आणि सगळा ऐवज सोल्युशनने रिमला चिकटवतात. शर्यतवाले तोच वापरतात, कारण हलका. (ताईच्या वाटेवर सात गतिरोधक आणि एक भाजीबाजार आहे. शर्यत झालीच तर हातगाडीशी.) क्लिंचरचं पंक्चर रस्त्याकडेला बसून निघतं. ट्यूब्युलर मात्र उसवायचा, ठिगळ लावायचं, परत शिवायचा, परत चिकटवायचा आणि वाळण्याची वाट बघत दुसरा दिवस उजाडू द्यायचा. माणसाला संयम शिकवणारी इतकी चांगली वस्तू बाजारात दुसरी नाही.

भाऊजींनी घरातच समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य त्यांच्या मातोश्री आणि त्यांच्याकडेच मुक्कामाला असलेला मी. (ताई लाभार्थी असल्यामुळे तिला मताधिकार नव्हता.) ट्यूब्युलरने चाकामागे दोनशे ग्रॅम वाचतात, असं समितीस आढळून आलं. ताईची पिशवी डबा-छत्रीसकट चार किलो भरली, तेव्हा भाऊजींनी डब्याचं झाकण घरी ठेवण्याची सूचना केली. "चिकटवलेलं काही या घरात टिकलेलं मी तरी बघितलं नाही," हे मातोश्रींचं मत ऐकून घेऊन बाजूला ठेवण्यात आलं.

तोवर ताई चालत जात होती. उजाडायच्या आत घर सोडायची, टाचा सुजवून परत यायची. भाऊजींचा जीव तुटायचा, हे मी शपथेवर सांगतो. रोज संध्याकाळी तिच्या टाचा शेकता शेकता ते तिला रबराच्या घर्षणाविषयी समजावून सांगत.

"अहो, तेवढं पंक्चर काढून आणा ना," ताई म्हणायची.

"घिसाडघाई नको," भाऊजी म्हणायचे. मीही मान डोलवायचो.

अखेर निर्णय झाला. कोणत्याच टायरवर अन्याय नको, म्हणून पुढे क्लिंचर आणि मागे ट्यूब्युलर! त्यासाठी मागचं चाक नवं आणलं. पिशवीत पुढच्यासाठी ट्यूब, मागच्यासाठी टायर, सोल्युशन, सुई आणि जाड दोरा आला. (बचत : दोनशे ग्रॅम. वाढ : दीड किलो. समितीने दोन्ही आकडे समाधानकारक मानले.)

दुसऱ्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवून ताईला निरोप दिला. भाजीबाजारापाशी मागचं चाक बसलं. बिचारी सुई-दोरा हातात घेऊन बघत राहिली, मग सायकल ढकलत निघाली. चालत जाताना एकदाही वेळ न चुकवलेली ताई, सायकल परत मिळाली त्या दिवशी उशिरा पोचली. मॅडमनी तिला आत बोलावून दार लावून घेतलं.

संध्याकाळी ताई घरी आली, ती कपडे भरायला. प्रयोगशाळेला लागूनच एक खोली तिने भाड्याने घेतली होती. एका माणसापुरती. ती जिना उतरू लागली तसे भाऊजी कठड्यावरून वाकले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता.

"अगं, पण म्हणजे... मागेसुद्धा क्लिंचरच हवा होता का?"

हसू नका. कोणता टायर बरा, याची तुम्हीही मघापासून मनात बेरीज-वजाबाकी करताय. दार लावल्यावर मॅडम काय म्हणाल्या, ताईची नोकरी राहिली का, हे विचारलंत? (एवढ्या वेळेला सोडते, पण जवळ खोली घे, म्हणाल्या. नोकरी राहिली. पुढे कायम झाली.)