पंपाविरुद्ध माझा सप्रमाण अर्ज

अर्ज कसा लिहावा, हे मला कुणी शिकवायला नको! अठ्ठावीस वर्षं मी कचेरीत लोकांचे अर्ज नामंजूर करण्याचं काम केलं आहे. त्यामुळे कुठला अर्ज नामंजूर करता येत नाही, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

म्हणून आमच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर पेट्रोल पंप होणार अशी नोटीस लागली, तेव्हा गल्ली हवालदिल झाली आणि मी बाह्या सरसावल्या. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी त्याच जागेवर उघडते. घरात वारा येतो तो तेवढ्या एका खिडकीतून.

बायको म्हणाली, "ही खिडकी कायमची बंद करायची वेळ आली ना, तर बघा!"

"तू निश्चिंत राहा. पुराव्यानिशी अर्ज देतो."

माझा मुद्दा बिनतोड होता. जवळचा पंप अकरा किलोमीटरवर, त्यामुळे गल्लीत घरोघरी पेट्रोल साठवलेलं असतं. आधीच घराघरात पेट्रोल, त्यात शेजारी पंप! एक ठिणगी पडली की खेळ खलास! कुणाकडे किती साठा आहे ते मोजायला मी वही घेऊन निघालो.

"छे हो, आमच्याकडे कुठलं पेट्रोल?" शिंपी म्हणाला.

"समोरच्या मास्तरांकडे पाच लिटर निघालं."

"पाचच? हात्तिच्या! आमच्या पलंगाखाली दहाचा कॅन आहे, लिहा!"

हे मास्तरीणबाईंनी गॅलरीतून ऐकलं. "अहो, आमचं पाच कालचं होतं! आज बारा आहे!"

वायरमनने आधी वीस सांगितले, मग दोन्ही मुलांच्या मोटारसायकली आठवून पंचवीस केले. आमच्या घरात थेंबभरही नव्हतं, पण पुढाऱ्याच्याच नावापुढे काही नाही, हे बरं दिसेना. मी पंधरा लिहिले. एकूण भरले एकशे शहाऐंशी लिटर! मग गल्लीचा नकाशा काढून साठा असलेल्या प्रत्येक घरावर लाल ठिपका दिला. गल्लीला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

सुनावणीला अख्खी गल्ली माझ्या मागे उभी होती. पंपवाल्याच्या वकिलाने उशीएवढी फाईल आणली होती. मी फक्त नकाशा पसरला.

साहेबांनी चष्मा पुसला. "लोक घरात पेट्रोल का ठेवतात?"

"पंप लांब आहे ना, साहेब!"

"आणि जवळ असता तर?"

"तर कशाला ठेवतील? वेड लागलंय का?"

मागून शिंपी माझा शर्ट ओढू लागला. मला वाटलं, शाबासकी देतोय. मी आणखी जोरात म्हणालो, "एकाच्याही घरात थेंब सापडणार नाही, साहेब! लिहून देतो!"

साहेबांनी ते खरोखरच लिहून घेतलं. वकिलाने आपली फाईल न उघडताच पिशवीत घातली.

आठवड्याभरात निकाल आला. 'अर्जदाराने सप्रमाण दाखवलेला धोका पाहता पंपास तातडीने मंजुरी.' खाली आणखी एक ओळ होती. मूळ आराखड्यात सगळी यंत्रं मोठ्या रस्त्याच्या बाजूला होती. पण लाल ठिपके आमच्या गल्लीत दाट असल्यामुळे एक यंत्र 'रहिवाशांच्या सोयीसाठी' गल्लीकडे बसवावं, असा आदेश होता. जागा त्यांनी माझ्याच नकाशावरून ठरवली. ती बरोबर आमच्या खिडकीखाली आली.

आता सकाळी सहापासून तिथे स्कूटरींची रांग लागते. खिडकीला कायमची कडी घातली आहे. त्या खिडकीशी बायको संध्याकाळी केस वाळवत बसायची. आता ती पंख्याखाली बसते. मला फार वाईट वाटलं. चूक माझी, निस्तरायलाही मीच हवं! वरच्या कचेरीत अपील करायचं ठरवून मी कागद पुढे ओढला.

तेवढ्यात मास्तर, शिंपी आणि वायरमन दारात हजर! बायकोनेच बोलावलं होतं.

शिंपी हात जोडून म्हणाला, "काका, पाया पडतो, तुम्ही लिहू नका."

"अरे, का? या वेळी मुद्दा अगदी पक्का आहे!"

"म्हणूनच," बायको म्हणाली, आणि माझ्या हातातलं पेन तिने काढून घेतलं. "गच्ची तरी अजून आपली आहे."

हे सगळं मी पेन्सिलीने लिहिलं आहे.