घाटावरील जुन्या कर्नलाची हकीकत

अक्षरास स्मरून, सत्यास साक्ष ठेवून आरंभ. शके एकोणीसशे अठ्ठावीस, व्ययनाम संवत्सरी, एके राज्यी संगणकांचा अंमल थोर जाहाला. दवाखाने, नाके, धरणे अवघी यंत्रांवर चालत, आणि प्रत्येक यंत्राचे पोटी कर्नल म्हणोन मूळ कारभारी असे, आणि एका प्रोग्रामाची अनेक कामे एकदम करणारे ते थ्रेड, आणि थ्रेडांस शिस्त लावणारी ती लायब्ररी. लायब्ररी दुर्गाबाई खासनीस सांभाळीत. बाई बहुत कडक. नवी लायब्ररी सिद्ध केली तेव्हां त्यांनी आंत तजवीज ठेविली जे, आधी कर्नलास पुसावे, नवी हाक, म्हणजे काम सांगण्याची नवी रीत, समजते की नाही. न समजे तर जुन्या वाटेने काम चालवावे. मग हैबतराव घोसाळकर मुख्य कारभारी जाहाले, आणि त्यांचे मर्जीस वेगाखेरीज काही येईना. हुकूम केला, "ही जुनी वाट काढून टाका. ज्याचा कर्नल जुना, त्याने बदलावा." बाई बोलिल्या, "घाटावरील दवाखान्यात श्वास मोजणारे यंत्र आहे. त्यातले कार्ड नव्या कर्नलावर चालत नाही, आणि ते करणारा कारखाना बुडाला. बदलावे कसे?" हैबतराव हसले, "एका दवाखान्यासाठी अवघे राज्य मागे ठेवू?" आणि दरबारी मंडळी माना डोलविती जाहाली. थू त्या मानांवर!

मग वाट काढविली, आणि लायब्ररी हुकमाने मुलूखभर रवाना जाहाली, आणि घाटावरही पोहोचली. तेथे तिने नवी हाक मारिली, आणि जुना कर्नल बोलिला, "मजला ही ठाऊक नाही," आणि ते उत्तर ऐकावयास आंत कोणी उरले नव्हते. एक थ्रेड दुसऱ्याची वाट पाहात राहिला, दुसरा पहिल्याची, आणि पडद्यावरील अंक होते तेथेच गोठले. रावजी वरखंडे, जातीचे कुंभार, छातीत पाणी जाहाले म्हणोन तेथे निजविले होते. त्यांचा श्वास घटला, आणि यंत्राची इशाऱ्याची घंटा वाजली नाही. लेक चंद्रभागा उशाशी बसली होती. अंक बरे पाहून, बापास झोप लागली म्हणोन पांघरूण सारखे करीत होती.

वर्तमान कळताच बाई वर्दी न देता दरबारी शिरल्या. "वाट मी ठेविली होती. तुम्ही काढविली. मनुष्य मेला." हैबतराव बोलिले, "यंत्रच जुनाट, त्यास आम्ही काय करावे?" बाई कडाडल्या, "यंत्राने खरे सांगितले, ठाऊक नाही म्हणोन! ऐकिले नाही ते तुम्ही!" मग भिऊन जुनी वाट लायब्ररीत पुन्हा ठेवविली, आणि हैबतरावांनी निर्लज्जपणे डांगोरा पिटविला जे, जुन्या यंत्रांवर आमची माया थोर. बाईंस शाल देऊ केली. बाईंनी ती पायरीवर टाकिली आणि घाटावर गेल्या, आणि आपल्या हाते लायब्ररी बसविली.

चंद्रभागा दाराशी उभी होती. पुसती जाहाली, "माझ्या बापाला लावलं होतं ते हेच का?"

"हेच."

"मग वाजवून दाखवा."

बाईंनी श्वासाची तार उपटली. घंटा ऐसी वाजली की अवघा दवाखाना धावत आला. चंद्रभागा हलली नाही. बोलिली, "बंद नका करू. वाजू द्या जरा."

सारांश, राज्याचा वेग वाढला, कारभाऱ्याचा मान वाढला, आणि रावजी वरखंडे गेले. लिहिणाराचा क्रोध अद्याप शमला नाही. इति.