भाऊंचं तत्त्वज्ञान, खंड तिसरा

पडद्यावर वाचणाऱ्याला वाचक म्हणू नये, असं भाऊंचं ठाम मत होतं, आणि ते मत ऐकून घेतल्याशिवाय त्या वाचनालयातून कुणालाही पुस्तक मिळत नसे. भाऊ तिथले ग्रंथपाल. "कागदाला वास असतो, वजन असतं! त्या पाटीवर कसलं डोंबल वाचता?" सभासद बिचारे मान डोलवायचे. न डोलवून सांगतात कुणाला? शिक्का भाऊंच्या हातात होता.

आणि याच भाऊंनी, मंडळी, गुपचूप ई-रीडर घेतला!

सगळा दोष त्या मालिकेचा. दीपगृहाचा रखवालदार आणि बेटावरची डॉक्टरीण. वर्षानुवर्षं भाऊंनी ती भक्तिभावानं बघितली, आणि शेवटच्या भागात त्या मेल्या लेखकानं काय करावं? डॉक्टरणीला बोटीत बसवून धाडून दिलं! रखवालदार आपला दिव्याची काच पुसतोय. भाऊंना जेवण गोड लागेना. मग कुठूनसा शोध लागला की चाहत्यांनी इंटरनेटवर पुढची गोष्ट स्वतःच लिहून काढली आहे. फॅनफिक्शन म्हणतात म्हणे त्याला. एकीनं बोट परत फिरवली होती, दुसऱ्यानं वादळ आणलं होतं, तिसरीनं तर थेट लग्नच लावून टाकलं होतं! भाऊ मोबाइलवर वाचत सुटले. डोळे चुरचुरायला लागले, पण सुटेना.

शेवटी लांबच्या एका दुकानात गेले, जिथे कुणी ओळखणार नाही. दुकानदारानं चार यंत्रं मांडली. "याची बॅटरी खूप टिकते. हे पाण्यात पडलं तरी चालतं. किती पुस्तकं मावायला हवीत तुम्हाला?"

भाऊंनी खिशातून पट्टी काढली आणि यंत्रांची लांबी-रुंदी मोजायला लागले. "ते राहू द्या हो! हे पुस्तकात मावायला हवं!"

दुकानदारानं चारही यंत्रं पट्टीखाली सरकवली.

भाऊंचा बेत पक्का होता. तत्त्वज्ञानाच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, एक जाडजूड ग्रंथ होता. खंड तिसरा. पहिले दोन कुणी नेले नव्हते, तर तिसरा कोण नेणार? ज्या भाऊंनी आयुष्यात कुणाला पानाचा कोपरा दुमडू दिला नाही, त्यांनी दार लावून घेतलं आणि ब्लेडनं त्या ग्रंथाची पोटातली पानं कापून खळगा केला. स्वतःचीच लाज वाटत होती. पण ई-रीडर असा चपखल बसला की लाज जरा मागे सरली.

तेव्हापासून दुपारी डबा खाऊन झाला, की भाऊ खंड तिसरा उघडून बसत. येणारे-जाणारे दबक्या आवाजात म्हणत, "केवढा व्यासंग!" भाऊ मान वर करत नसत, मधे मधे बोटानं यंत्रात काहीतरी टिपून तेवढं ठेवत. तिकडे रखवालदार वादळात होडी लोटत होता, मान वर करणार कशी?

याच सुमारास देवघेव सांभाळणाऱ्या ताईंनी कार्यकारिणीपुढे ठराव ठेवला. म्हाताऱ्या सभासदांना बारीक टाइप दिसत नाही, तेव्हा वाचनालयानं काही ई-रीडर घ्यावेत, त्यात अक्षर मोठं करता येतं. भाऊंचा भडका उडाला. चार सभासदांसमोर ते ताईंना म्हणाले, "तुम्हाला पुस्तकांची चाड नाही! खेळण्यांच्या दुकानात नोकरी करा!" ताईंचे डोळे भरून आले. त्या शिक्के मारत राहिल्या. त्या दुपारी भाऊंनी खंड तिसरा उघडला खरा, पण रखवालदारात जीव रमेना.

ठरावावरच्या सभेच्या आदल्या आठवड्यात भाऊ कपाटाशी गेले, तर फळीवर खंड पहिला, खंड दुसरा आणि पुढे नुसती पोकळी!

"ताई! खंड तिसरा कुठाय?"

"अध्यक्ष घेऊन गेले. म्हणाले, भाऊ रोज वाचतात, तर आपणही सभेपूर्वी वाचायला हवा."

भाऊ मटकन खाली बसले. ई-रीडरला कुलूप कसं लावतात, हे ते शिकलेच नव्हते! आता अध्यक्ष बघणार, गावभर सांगणार, आणि ताई? ताईंना तोंड कसं दाखवायचं? आठवडाभर फोन वाजला की अध्यक्षांचाच असेल म्हणून ते दुसऱ्याला उचलायला लावायचे.

पण तो फोन काही आला नाही. सभेच्या दिवशी अध्यक्ष उभे राहिले, हातात खंड तिसरा! "मंडळी, हा ग्रंथ मी अक्षरन् अक्षर वाचला! काय ती खोली! हे वजन, हा वास यंत्रात मिळेल? भाऊ, तुम्हीच या आणि यातला एखादा उतारा वाचून दाखवा!"

म्हणजे यांनी तो उघडलाच नव्हता! भाऊंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच भांड्यासकट खाली आला, कारण ग्रंथ आता त्यांच्या हातात होता आणि सगळी सभा कान टवकारून बसली होती. ठराव घेऊन ताई अगदी शेजारी उभ्या. भाऊंनी जेमतेम बोटभर फट केली. यंत्र जागं झालं. डोळ्यांत भरतील एवढाली अक्षरं उजळली: 'रखवालदारानं तिचा हात घट्ट धरला.'

ताईंनी वाचलं. एकदा ग्रंथाकडे, एकदा भाऊंकडे बघितलं. भाऊंना वाटलं, आता हिनं ओरडून सांगावं, आपल्याला तेच शोभेल. पण ताई हळूच म्हणाल्या, "मिटा ते, भाऊ. लोक बघतायत."

भाऊंचे कान तापले. असं मेल्याहून मेल्यासारखं त्यांना कधी झालं नव्हतं. ग्रंथ छातीशी धरून ते म्हणाले, "माझा ताईंच्या ठरावाला पाठिंबा आहे. आणि त्या दिवशी मी त्यांना जे बोललो, ते चुकलं. सर्वांसमोर सांगतो."

"अहो, पण हे मतपरिवर्तन कशानं झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"याच ग्रंथानं."

अध्यक्ष क्षणभर गडबडले. मग चष्मा नीट करत म्हणाले, "हो, हो! आहे ना तसं त्यात. चौथ्या प्रकरणात."

ठराव एकमतानं मंजूर झाला. भाऊ काढता पाय घेणार, तोच अध्यक्षांच्या सौभाग्यवती आडव्या आल्या. "भाऊ, यांनी नाही हो उघडलं. मी आणि जाऊबाईंनी मात्र सगळं वाचलं! अक्षर तेवढं मोठं केलंय. आणि मधे मधे ते लिहून ठेवलंय ना, 'डॉक्टरीणबाई, जाऊ नका हो', 'माझ्या जिवाला घोर लागलाय', ते तर किती गोड! जाऊबाईंना वाटलं, एखाद्या कॉलेजातल्या मुलीनं लिहिलंय."

कुणी ऐकत नाही ना, ते भाऊंनी पाहून घेतलं. "मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"तुमची अब्रू राखली हो! म्हटलं, मुलीनंच लिहिलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "पण आता पंचाईत झालीय. जाऊबाई तिचा पत्ता मागतायत. असली हळव्या मनाची मुलगी त्यांना भाच्यासाठी हवीच आहे!"

भाऊंनी मान खाली घातली. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"भाचा करतो काय?" ते म्हणाले.