डिस्ट्रिब्युटरला हात लावायचा नाही!

"अकराच्या ठोक्याला मुलगी विवाह नोंदणी कार्यालयाच्या दारात उतरेल, आणि माझ्याच गाडीतून उतरेल! नाहीतर नाव बदलेन!"

घड्याळजींनी आठवडाभर सगळ्या गल्लीला हे बजावलं होतं. तीस वर्षं लोकांची मनगटी घड्याळं उघडून बसवणाऱ्याला जुनी गाडी म्हणजे काय? मोठं घड्याळ, दुसरं काय! गाडी त्यांच्या लग्नाच्याही आधीची. बायको तिला उघड उघड सवत म्हणायची. या सवतीला कुणा मेकॅनिकचा हात लागलेला घड्याळजींना खपत नसे. आदल्या दिवशी त्यांनी डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारी प्लगना करंट वाटणारा डबा, स्वतः उघडला, आतलं सगळं डोळ्याला भिंग लावून पुसलं आणि पुन्हा बसवलं. कार्यालयाची वेळ अकराची होती. ती हुकली की पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

साडेनऊला इस्त्रीचे कपडे घालून घड्याळजी गाडीत बसले आणि त्यांनी सेल्फ मारला. खर्र खर्र खर्र! इंजिन जोरात फिरलं, पण चालू होईना. पुन्हा मारला. पुन्हा तेच.

"गाडीला कुणी हात लावला?" ते गरजले.

"मला काय वेड लागलंय?" बायको आतूनच ओरडली. "तिच्या अंगावरची धूळ झटकायचीसुद्धा चोरी आहे या घरात!"

मेहुणा चहाचा कप घेऊन बाहेर आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. याने नुसतं "नमस्कार" म्हटलं तरी घड्याळजींचं डोकं फिरायचं.

"दाजी, करंट येतोय का बघा. डिस्ट्रिब्युटरचं झाकण..."

"डिस्ट्रिब्युटरला हात लावायचा नाही! मी काल या हातांनी बसवलाय! माझ्या हातचं घड्याळ परत आलंय कधी?"

"मी आपलं सुचवलं."

"सुचवू नकोस! प्लगची वायर धर!"

मेहुण्याने जीव मुठीत धरून वायर धरली. घड्याळजींनी सेल्फ मारला. मेहुण्याला झटका बसला नाही.

"बघा, करंट नाहीये!" तो आनंदाने म्हणाला.

"तुला नीट धरता येत नाही!" घड्याळजी म्हणाले, आणि त्यांनी कार्ब्युरेटर खोलला.

तिथून पुढे काय काय झालं ते विचारू नका. कार्ब्युरेटर ठणठणीत होता, म्हणून त्यांना त्याचाही राग आला. चोक ओढून त्यांनी इतक्या वेळा सेल्फ मारला, की पेट्रोलचा वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. मग चारी प्लग काढले, पुसले, ठोकले, परत लावले. कुठली वायर कुठल्या प्लगची, हे रागाच्या भरात कोण लक्षात ठेवतो! प्रत्येक खर्र आधीच्यापेक्षा बारीक होत गेली. इस्त्रीच्या सदऱ्यावर काळे पंजे उमटले.

दहा वाजले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, मेकॅनिकला बोलवू का?"

"माझ्या प्रेतावरून बोलव!"

मेहुण्याने त्याला आधीच फोन केला होता. मेकॅनिक आला, त्याने एकदा सेल्फचा आवाज ऐकला आणि थेट डिस्ट्रिब्युटरकडे हात नेला.

"खबरदार!"

"काका, नुसतं झाकण उघडतो. ओरडायचं ते ओरडत राहा."

झाकण उघडलं. आत मधोमध अंगठ्याएवढा रोटर असतो, तोच फिरत फिरत करंट वाटतो. तो नव्हताच.

घड्याळजींचे कान लाल झाले. ते सावकाश मेहुण्याकडे वळले.

"चोर! माझ्याच घरात खाऊन माझ्याच गाडीवर उठलास? काढ खिशातून! भाचीच्या लग्नात विघ्न आणतोस?"

"दाजी, देवाशपथ..."

"देवाला मधे आणू नकोस! चालता हो!"

मेहुण्याने कप कट्ट्यावर ठेवला. त्याचा चेहरा पार उतरला होता. तो खरोखरच फाटकाकडे निघाला, तेवढ्यात मुलगी नवी साडी सावरत धावत बाहेर आली.

"मामा, थांब! बाबा, रोटर मी काढलाय."

तिने रुमालाची गाठ सोडून रोटर पुढे केला. घड्याळजी आधी रोटरकडे, मग मुलीकडे बघत राहिले.

"तू? माझी मुलगी? अगं, का?"

"मला नोकरीच्या मुलाखतीला सोडायला निघालात, ते आठवतंय? सिग्नलला उतरून बसवाल्याशी वीस मिनिटं भांडत होतात. मी मागे बसून तुमची लाल मान बघत होते. आजही तुम्ही पुढे बसून जगाशी भांडणार आणि मी मागे एकटी."

"मग तोंडाने सांगायचं!"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही ओरडलात. म्हणून मी साडेदहाची टॅक्सी सांगून ठेवली. वाटलं, पाच मिनिटं खटपट कराल आणि नाद सोडाल."

"मी नाद सोडीन? मी?" त्यांनी तिच्या हातातला रोटर हिसकावला, बसवला, झाकण दाबलं आणि सेल्फ मारला.

खर्रर्र... खर... टक.

"आता काय उपयोग, काका!" मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "प्लग ओले झालेत, वायरी उलटसुलट लागल्यात, बॅटरी मेलीय. एक खोडी पोरीची, बाकीच्या तीन तुमच्या."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. घड्याळजी स्टिअरिंग धरून तसेच बसून होते. मुलगी खिडकीपाशी वाकली.

"बाबा, मला तुम्ही शेजारी हवे होतात. एवढंच."

घड्याळजी उतरले, मेहुण्यासमोर जाऊन "तू पुढे बस" असं गुरगुरले, आणि स्वतः टॅक्सीत मागे, मुलगी आणि बायकोच्या मधे, अंग चोरून बसले. अकराला वीस मिनिटं कमी होती. टॅक्सी निघाली. मुलीने त्यांचा काळा हात आपल्या हातात घेतला.

पहिला चौक गेला. घड्याळजी गप्प. एक स्कूटरवाला आडवा गेला. घड्याळजी गप्पच!

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "रडताय तुम्ही?"

"पेट्रोल गेलंय डोळ्यांत! कार्ब्युरेटर काय तुझा मामा साफ करत होता?" ते खेकसले, आणि पुढे वाकून त्यांनी टॅक्सीवाल्याच्या खांद्यावर थाप मारली. "आणि तू काय आरशात बघतोस रे? समोर बघ!"