तात्यांची उत्तर मोहीम

मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं अशा उन्हात, अंगात स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी घालून कोणी चाललेला दिसला, तर त्याला हिवताप असावा किंवा ते आमचे नामदेवतात्या असावेत.

डाळजच्या बाजूला, उजनीच्या पाण्याकाठी एका पुनर्वसित वस्तीवर मी मास्तर होतो, तेव्हा तात्या माझे शेजारी. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले आणि बारामतीच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. पार उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावर जुन्या काळी साहेबलोकांनी बोटीनं जाऊन जी उत्खननं केली, त्यांचं. तात्यांना इंग्रजी बेताचंच येई, पण चित्रं भरपूर होती. चित्रांतला प्रत्येक साहेब टोपी-स्वेटर घालून खणत होता, म्हणून तात्याही.

"अहो, तिकडं बर्फ असतो," मी म्हणालो.

"गुरुजी, मोहीम म्हंजी मोहीम. उघड्याबोडक्या मानसाला इतिहास गावत न्हाय."

त्यांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. "त्यांचा किनारा बर्फ सोडतो, आपला धरान सोडतं. दोगांनाबी दोनच म्हैनं." उन्हाळ्यात पाणी हटलं की वस्तीचं बुडालेलं जुनं गाव गाळातून वर येई. बाकीचे त्या गाळात कलिंगडं लावत, तात्या सुतळीचे चौकोन आखत. हत्यारं म्हणजे खुरपं, रंगाचा ब्रश आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची, पिठाची चाळणी. या चाळणीवरून घरात रोज वाजे.

"थर सोडायचा न्हाय," हे त्यांचं पालुपद. ते आमटीभात कालवत नसत. आधी वरची आमटी, मग खालचा भात. शेजाऱ्यांचे उकिरडे उकरून कोणाकडे कधी मटण शिजलं ते सांगत, आणि एका श्रावणात त्यापायी भाऊबंदकी पेटली. खणून निघायचं काय, तर खापरं, फुटक्या बांगड्या, एकदा वहाणेचा अंगठा. तोही त्यांनी ब्रशनं साफ करून देव्हाऱ्याशेजारी मांडला होता.

मग एका उन्हाळ्यात त्यांना स्वतःच्या जुन्या घराचा उंबरा सापडला. तिथून अंदाज घेत ते परसात गेले, एक चौकोन आखला आणि तो खणेचनात. उलट त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. खणणारा माणूस खणत नाही म्हणजे खाली हंडा आहे, हे वस्तीनं दुपारच्या चहाला ठरवून टाकलं.

आमचे पुढारी सोपानराव आजवर तात्यांना येडं म्हणत. त्यांना एकाएकी इतिहासाचा अभिमान वाटू लागला. ते नारळ, हार, फोटोग्राफर आणि ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन हजर झाले. भाषणात पूर्वजांच्या वैभवावर पुष्कळ बोलले. ट्रॉली कशासाठी, यावर नाही बोलले.

नारळ फुटला. गड्यांनी कुदळी उचलल्या, तसे तात्या काटे बाजूला सारून चौकोनाशेजारी मांडी घालून बसले.

"उठा तात्या. गावाचं धन हाय ते," सोपानराव म्हणाले.

"गावाचं न्हाय. माजं हाय."

"बगा, कबूल केलं," मागून कोणीतरी म्हणालं.

"हितं माजी शकू हाय," तात्या म्हणाले. "सव्वा म्हैन्याची व्हती. तान्ह्याला जाळत न्हाईत, म्हनून परसातच पुरली. गाव उठलं तवा समद्यांनी दारं नेली, वासं नेलं. तिला कशी नेनार? जागा तेवडी घावावी म्हनून खनत व्हतो."

गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या. सोपानरावांनी गळ्यातला हार काढला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून तसाच हातात धरून ते ट्रॅक्टरकडे गेले.

दुसऱ्या दिवशी तात्या काकींना घेऊन आले. मीही सोबत होतो. गाव उठल्यापासून काकी पाण्याकडे फिरकल्या नव्हत्या. त्या चौकोनापाशी टेकल्या, तांब्यातलं दूध हळूहळू मातीवर सोडू लागल्या. तापलेली, भेगाळलेली माती दूध पडताक्षणी ओढून घेत होती. तांब्या रिकामा झाला तरी काकींनी तो तसाच कलता धरून ठेवला.

"कशी पिली बगा," त्या तात्यांना म्हणाल्या. "लई दिस उपाशी व्हती."